ठेकेदाराने काम दोन महिने उशिरा दिलं, आम्ही ताबा घेतला. आता नुकसानभरपाई मागता येईल का?

ताबा घेताना तुम्ही काय लिहून दिलंत हे तुम्ही सांगितलेलंच नाही, आणि सगळं घोडं तिथेच अडलंय. दुकानाचं फर्निचर दिवाळीआधी मिळायचं होतं, ते दोन महिने उशिरा मिळालं, तुम्ही ते लावून घेतलंत आणि आता विचारताय की भरपाई मिळेल का आणि शेवटचा हप्ता अडवला तर चालेल का.

भारतीय करार कायदा, १८७२ यातलं कलम ५५ काढून वाचा. तीनच परिच्छेद आहेत. मुदत हीच कराराची मुख्य अट असेल आणि समोरच्याने ती चुकवली, तर करार मोडायचा की चालू ठेवायचा हे तुम्ही ठरवायचं, हा पहिला. मुदत तितकी महत्त्वाची नसेल तर करार मोडता येत नाही, पण उशिरामुळे झालेलं नुकसान मागता येतं, हा दुसरा. तिसरा फारसा कोणी वाचत नाही. करार मोडायचा हक्क असूनही तुम्ही उशिरा आलेलं काम पत्करलंत, तर उशिराची भरपाई मागायचा हक्क जातो. पत्करतानाच ‘मी भरपाई मागणार आहे’ असं समोरच्याला कळवलं असेल, तरच तो टिकतो. पत्करतानाच. आठवड्याने फोन करून भांडलात, तर ते यात बसत नाही.

या तिसऱ्या परिच्छेदावरून आमच्या घरात अजून वाद आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. निम्म्याहून जास्त माल बेदाण्याला जातो. जुनी शेड पुरेना म्हणून नवी लोखंडी शेड बांधायची ठरली. हिशेब माझ्याकडे असतात, म्हणून ऑर्डरही मीच लिहिली. दरमाप, आगाऊ रक्कम आणि त्याखाली हे: ‘बेदाण्याचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. तयार माल वेलीवर थांबवून ठेवता येत नाही. म्हणून शेड २५ जानेवारीपर्यंत उभी राहिली पाहिजे. उशीर झाल्यास आम्हाला दुसऱ्याची शेड भाड्याने घ्यावी लागेल.’ फॅब्रिकेटर माझ्या दिरांचा शाळेतला मित्र. भाऊजी म्हणाले, “वहिनी, घरचा माणूस आहे, एवढं कशाला लिहायचं?” मी म्हटलं, घरचा आहे तर सही करायला काय हरकत आहे? त्याने सही केली.

जानेवारी संपत आला तरी अँगल त्याच्या वर्कशॉपमध्ये प्रायमर न मारता पडले होते. भाऊजींनी फोनवर त्याला सांगितलं, “निवांत करा, आपण काय परके आहोत का!” मी शेजारी उभी होते. त्याच संध्याकाळी मी मेसेज टाकला की आम्ही मुदत वाढवून दिलेली नाही, काम लवकर पूर्ण करा, उशिराचा खर्च तुमच्याकडून घेतला जाईल. कलम ६३ प्रमाणे ज्याला काम मिळायचं आहे तो मुदत वाढवून देऊ शकतो. त्यासाठी स्टॅम्प पेपर लागत नाही, बोलण्याच्या ओघात गेलेलं एक ‘चालेल, घ्या अजून पंधरा दिवस’ पुरतं. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असं काही गेलंय का, ते आधी तपासा.

माल तयार झाला. आम्ही शेजारच्या गावात एकाची शेड घेतली, वजनावर भाडं, शिवाय रोज ट्रॅक्टरची खेप. द्राक्ष तोडून डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यातून काढून जाळीवर टाकलं की मग ते सुकेपर्यंत हलवता येत नाही, म्हणजे ती शेड गुंतली. पुढचा तोडा उघड्यावर ताडपत्रीखाली राहिला आणि त्यातच अवकाळी आला. त्या लॉटचा बेदाणा काळा पडला, सौद्यात, म्हणजे बेदाण्याच्या लिलावात, पडत्या भावाने गेला.

आमच्या शेडचा ट्रक मार्चमध्ये आला. सुपरवायझरने चलनाचं पुस्तक पुढे केलं, “वहिनी, माल मिळाला म्हणून सही करा.” सहीच्या वर मी लिहिलं: ‘माल ठरलेल्या मुदतीनंतर मिळाला. उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याचा हक्क राखून ताबा घेत आहे.’ खाली कार्बन होता, म्हणून पेन दाबून लिहिलं आणि पिवळी प्रत उलटून अक्षरं उमटलीत ना ते पाहिलं. सुपरवायझरने मालकाला फोन लावला, मालकाने भाऊजींना. भाऊजी बागेतून तसेच आले. “ट्रक दारात उभा असताना हे काय काढलंत? आता तो आमच्या तोंडाकडे बघेल का?” मामंजी कट्ट्यावर बसले होते. त्यांनी चलन मागून घेतलं, वाचलं आणि एवढंच म्हणाले, “यात खोटं काय लिहिलंय?” ट्रक उतरवून घेतला.

पुढे सांगलीच्या वकिलांकडून नोटीस गेली. कलम ७३ प्रमाणे भरपाई दोन तऱ्हेच्या नुकसानाची मिळते: करार मोडल्यावर नेहमीच्या ओघात जे होतं त्याची, आणि करार करतानाच जे होईल असं दोघांनाही माहीत होतं त्याची. लांबच्या, आडून झालेल्या नुकसानाची नाही. कायद्यातच गिरणीचं उदाहरण दिलंय. यंत्राअभावी गिरणी बंद आहे असं सांगून माल वाहणाऱ्याकडे यंत्र दिलं आणि त्याने विनाकारण उशीर केला, तर गिरणी बंद राहिल्याने बुडालेला सरासरी नफा मालकाला मिळतो. पण त्याच काळात त्याचं एक सरकारी कंत्राट हातचं गेलं, तर त्याचं नुकसान मिळत नाही. आमच्या ऑर्डरमध्ये हंगाम आणि भाड्याची शेड दोन्ही लिहिलेलं असल्यामुळे भाडं आणि ट्रॅक्टरचा खर्च यावर त्याला बोलताच आलं नाही. काळ्या पडलेल्या लॉटवर मात्र तो अडला. पाऊस काही मी पाडला नाही, म्हणाला. शिवाय ‘तुमच्या दिरांनीच निवांत करा म्हटलं होतं’ हेही त्याने नोटिशीच्या उत्तरात लिहिलं. त्यापुढे माझा त्या संध्याकाळचा मेसेज ठेवला. शेवटी भाडं आणि ट्रॅक्टर पूर्ण, काळ्या लॉटमधला फरक निम्मा, असं त्याच्या अंतिम बिलातून वजा झालं. कोर्टात जायची वेळ आली नाही.

कलम ७३ चं आणखी एक सांगते, कारण लोक इथे फसतात. नुकसान कमी करण्यासाठी तुमच्या हातात काय उपाय होते हेही भरपाई ठरवताना पाहिलं जातं. दुसरी शेड न घेता आम्ही हात बांधून बसलो असतो आणि सगळा माल सडला म्हणून दावा केला असता, तर तो टिकला नसता. तुम्ही त्या दोन महिन्यांत जुनी रॅक वापरून दुकान चालवलंत का? त्याची बिलं आहेत का? बिलांशिवाय ‘दिवाळीचा धंदा बुडाला’ या वाक्याला काही वजन नाही. निदान मागच्या दोन-तीन दिवाळ्यांचे जीएसटीचे आकडे काढून ठेवा.

तुमच्या करारात तारीख होती म्हणता. नुसत्या तारखेने मुदत ही मुख्य अट ठरत नाही, विशेषतः बांधकामाच्या ठेक्यात. १९५५ साली नाशिकच्या डाव्या कालव्यावर, आळंदी नदीवरच्या जलसेतूचं काम एका ठेकेदाराला बारा महिन्यांच्या मुदतीवर दिलं होतं. मुदत उलटल्यावर सरकारने ठेका रद्द केला. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘हिंद कन्स्ट्रक्शन’ या खटल्यात सांगितलं की त्याच करारात मुदतवाढीची आणि उशिराबद्दल दंडाची कलमं होती, म्हणजे मुदत चुकली तरी काम चालू राहील असं दोघांनी धरलेलंच होतं, तेव्हा ठेका रद्द करणं चुकीचं. तुमच्या कागदावर ‘दर आठवड्याला अमुक टक्के कपात’ असं काही असेल, तर हे तुम्हालाही लागू पडू शकतं. ‘दिवाळीचा हंगाम पकडायचा आहे म्हणून’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल, तर तुमची बाजू उलट भक्कम होते. आणि कपातीचा आकडा लिहिलेला असला तरी तो आपोआप खिशात पडत नाही. कलम ७४ प्रमाणे तो आकडा वरची मर्यादा असतो, त्याच्या आत वाजवी तेवढीच भरपाई.

आता हप्त्याचं. पूर्ण हप्ता दाबून ठेवू नका, माझं स्पष्ट मत आहे. नुकसानाचा आकडा काढा, तेवढ्यावर लेखी वाद उभा करा, बाकी देऊन टाका. ठेकेदाराची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी असेल तर २००६ चा एमएसएमई कायदा लागू करायला तो जाईल. त्यात करार काहीही म्हणो, पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली असेल, तर ती दूर झाल्यापासून दिवस मोजतात. तुम्ही तेव्हा गप्प होतात असं दिसतंय.

भाऊजी आजही म्हणतात की मी मैत्रीत कागद आणला. माझं म्हणणं वेगळं आहे. तो कागद नसता, तर भाड्याचे पैसे कोणी द्यायचे यावर दोन मित्रांचं तोंड कायमचं फिरलं असतं. कागद असल्यामुळे हिशेब झाला आणि विषय मिटला. पुढच्या वर्षी जाळ्या बदलायला तोच माणूस आला आणि त्याने चहाही घेतला. भाऊजी सौद्याचा दाखला देतात, की तिथे शब्दावर लाखोंचा माल जातो. जातो, पण नंतर आडत्याकडून पट्टी, म्हणजे विक्रीचा लेखी हिशेब, हातात पडते, आणि ती पट्टी भाऊजी दोनदा वाचून घडी घालून कपाटात ठेवतात. शाळासोबत्याकडून तेवढंच मागितलं की तो अविश्वास कसा होतो, हे त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.

तुम्ही ताबा घेताना काही लिहिलं नसेल तर सगळं संपलं असं नाही, हे मी आधी सांगायला हवं होतं. तिसऱ्या परिच्छेदाची अडचण मुदत मुख्य अट असलेल्या कराराला आहे. तुमची तशी नव्हती असं ठरलं तर दुसऱ्या परिच्छेदाखाली भरपाईचा दावा उरतो. ताबा घेण्याआधी किंवा घेताना तुम्ही मेसेजवर उशिराबद्दल तक्रार केली असेल, ‘याचं नुकसान कोण देणार’ असं विचारलं असेल, तर तेही वकिलांना दाखवा. फोन बदलू नका आणि चॅट पुसू नका, कोर्टात ते प्रमाणपत्रासह दाखल करावं लागतं.

मी वकील नाही. फ्लॅटच्या ताब्याला उशीर झालेल्यांनी माझं हे स्वतःला लावू नये, त्यांच्यासाठी रेराचं, म्हणजे घरबांधणी व्यवसायाच्या नियमनाच्या कायद्याचं, कलम १८ आहे आणि ते बरंच सोपं आहे. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पण दुकानाचं काम व्यापारी कारणासाठी धरलं जातं. स्वतःच्या पोटापाण्यासाठी तुम्ही स्वतः ते दुकान चालवता हे दाखवता आलं तरच तिथे दाद लागेल. दिवाणी दाव्याला करारभंगापासून तीन वर्षं मिळतात. तुमची तारीख दिवाळीआधीची असल्यामुळे उलटी मोजणी तेव्हापासूनच धरा, ताबा घेतला त्या दिवसापासून नको.