वळताना रोबो बंद का पडतो?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिने चार पिवळ्या बीओ (बॅटरीवर चालणाऱ्या) मोटरी, एल२९८एन ड्रायव्हर (मोटरींना करंट पुरवणारा बोर्ड) आणि रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक, पुढे नुसतं ‘पाय’) वापरून रोबो केलाय. १८६५० आकाराचे दोन लिथियम-आयन सेल सिरीजमध्ये आहेत. पायला वीज ड्रायव्हरवरच्या ५ व्होल्टच्या टर्मिनलमधून दिली आहे. सरळ छान चालतो, वळायला लागला की पाय रीस्टार्ट होतो. ती रोज रात्री प्रोग्राम तपासत बसते. चूक कुठे असेल?
– एक पालक, सांगली

उत्तर : प्रोग्राम ठीक असणार, तिला आज निवांत झोपू द्या. ड्रायव्हरवरचा तो छोटा रेग्युलेटर (५ व्होल्ट तयार करणारा भाग) जेमतेम अर्धा अँपिअर देतो. पाय ४ला ३ अँपिअरचा सप्लाय लागतो. सरळ चालताना कसंबसं भागतं. वळताना चारही चाकं फरशीवर आडवी घासतात, मोटरी अडतात, आणि अडलेली मोटर मोकळ्या मोटरच्या कित्येक पट करंट ओढते. सेलचा व्होल्टेज बसतो, पाय मान टाकतो. अशाने एसडी कार्डही खराब होतं. प्रोग्रामची प्रत आजच काढून ठेवा.

ड्रायव्हरकडून पायला गेलेली ५ व्होल्टची तार काढा. बॅटरीपासून दोन वाटा करा : एक ड्रायव्हरला, दुसरी बक कन्व्हर्टरमधून (व्होल्टेज उतरवणाऱ्या मॉड्यूलमधून) पायला. एलएम२५९६ या चिपची कन्व्हर्टर मॉड्यूलं ३ अँपिअरची म्हणून विकतात, पण तेवढ्या लोडवर फार तापतात. मी पुण्याच्या तापकीर गल्लीतून ५ अँपिअरचंच आणते. पाय जोडण्याआधी मल्टिमीटर लावून आउटपुट ५.१ व्होल्टवर आणा. हे चुकवू नका. बॅटरीचे ७-८ व्होल्ट थेट गेले तर बोर्ड गेला. ग्राउंड (निगेटिव्ह) मात्र बॅटरी, ड्रायव्हर आणि पाय या तिघांचं एकच हवं, नाहीतर ड्रायव्हरला सिग्नल नीट कळत नाही.

ड्रायव्हर बदला असं कुणी सांगेल. तो दोनेक व्होल्ट खातो हे खरं, पण तुमच्या मोटरी ६ व्होल्टपर्यंतच्या, त्यामुळे सध्या ते पथ्यावरच पडतं.

मला काळजी सेलची आहे. ‘९९०० एमएएच’ छापलेले सेल असतील तर काढून टाका. या आकारात तेवढी क्षमता मावतच नाही. दोन्ही सेल एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले हवेत. सोबत बीएमएस (सेलना जास्त चार्ज-डिस्चार्ज होण्यापासून वाचवणारं सर्किट) लावा आणि पॉझिटिव्हच्या तारेत, बॅटरीलगत, ५ अँपिअरचा फ्यूज. वेष्टण फाटलेला सेल वापरू देऊ नका आणि चार्जिंग तुमच्या नजरेसमोर होऊ द्या.

मग फरशीवर वळवून बघा. स्क्रीनवर विजेचं चिन्ह (व्होल्टेज कमी पडल्याची खूण) आलंच, तर कन्व्हर्टरपासून पायपर्यंतची तार आखूड आणि जाड करा.