प्रकटीकरणाचा पहिला अध्याय सोळाव्या वचनावर थांबवू नका

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. शहाद्याच्या भगिनी मंडळात तुम्हाला पुनरुत्थित प्रभूच्या गौरवावर बोलायचंय. त्यासाठी बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, पहिला अध्याय उघडला आणि तिथेच अडकलात. शुभवर्तमानातला येशू घरचा वाटतो, पात्म बेटावर हद्दपार असलेल्या योहानाला दर्शनात दिसलेला परका वाटतो, आता प्रार्थनेला बसलं की ते अग्नीच्या ज्वालेसारखे डोळेच समोर येतात, आणि मरणातून उठल्यावर प्रभू बदलला का, असं तुम्ही विचारलंय. हाच प्रश्न आमच्या घरात कितीतरी वर्षं होता, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

आधी सांगून टाकतो, मी पाळक नाही. पाळक घडवणाऱ्या सेमिनरीची पायरी चढलेलो नाही. धुळ्यात कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहिणारा माणूस आहे. तुमच्या पाळकांचं मत वेगळं असेल तर आधी त्यांचं ऐका. कबर रिकामी होती का, साक्षीदार किती, या वादात मी शिरत नाही. तुमच्या सभेतल्या बायका ते मानूनच येणार आहेत. प्रतीकांचे तक्तेही देत नाही, ते हवे तेवढे मिळतात.

मला सांगायचंय ते एकच. हा अध्याय सोळाव्या वचनावर थांबवू नका.

माझी माय साक्री तालुक्यातल्या खेड्यातली. तरुणपणी तिने एका कन्व्हेन्शनमध्ये या अध्यायावर उपदेश ऐकला होता. पांढरे केस, ज्वालेसारखे डोळे, भट्टीतून काढल्यासारखे पितळी पाय, तोंडातून निघालेली दुधारी तरवार, भर उन्हातल्या सूर्यासारखा चेहरा. इथवर सांगून उपदेशक थांबले आणि विचारलं, या डोळ्यांपुढे उभं राहण्याची तुमची तयारी आहे का? बायका रडल्या, पुढे गेल्या, सभा गाजली. माय तो चेहरा मनात घेऊन घरी आली आणि तो तिने आयुष्यभर जपला. ती प्रार्थना करायची, उपास करायची, पण देवाशी मोकळं बोलताना मी तिला कधी ऐकलं नाही.

शेवटच्या आजारपणात ती माझ्याकडे धुळ्याला होती. खाटेवरून उठवत नव्हतं. तिला प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, हवा होता. शहरातल्या एका मंडळीच्या (चर्चच्या) कार्यालयात गेलो, नाव सांगत नाही आणि कृपा करून इथे कुणी अंदाजही लावू नका. त्यांनी रजिस्टर काढलं, नाव शोधलं, सापडलं नाही. सभासदत्व गावाकडचं, तेव्हा तिकडच्या मंडळीचं पत्र आणा म्हणाले. गावाकडे पाळकांची बदली झालेली, नवे आलेले नव्हते, पत्रावर सही करायला कुणी नाही. परत जाऊन तसं सांगितलं, तर कमिटीची बैठक होईल तेव्हा विषय ठेवू म्हणाले. मी म्हटलं, प्रभुभोजन राहू द्या, कुणीतरी येऊन नुसती प्रार्थना तरी करा. तर पाळक दौऱ्यावर होते. बैठक झाली तोवर मायचा दफनविधी उरकला होता.

नियम असावेत, हे मलाही कळतं. मंडळीची शिस्त मी मोडीत काढत नाही. पण मरणाच्या दारात बसलेल्या बाईला ‘रजिस्टरमध्ये तुमचं नाव नाही’ हे उत्तर मिळतं तेव्हा ती ते फक्त कार्यालयाचं उत्तर म्हणून ऐकत नाही. त्या रात्री तिने मला अहिराणीत विचारलं, “तो माले वळखी का रे? माले दखीसन रागे भरी का?” एकीकडे तो जुना उपदेश आणि दुसरीकडे ते रजिस्टर, दोन्ही मिळून तिच्यापुढे उभे राहिले होते.

मी शास्त्र उघडलं, तिला ज्याची भीती वाटायची तोच अध्याय, आणि सतरावं वचन वाचलं. त्याला पाहताच योहान मेल्यासारखा त्याच्या पायांशी पडला. तेव्हा त्याने आपला उजवा हात योहानावर ठेवला आणि म्हणाला, भिऊ नको. मी पहिला आणि शेवटला, मी जिवंत आहे. मेलो होतो, पण आता युगानुयुग जिवंत आहे, आणि मरणाच्या व अधोलोकाच्या किल्ल्या माझ्याजवळ आहेत. माय म्हणाली, “आखो वाच,” म्हणजे अजून वाच. मी वाचत गेलो. आपल्याला हे एवढ्या वर्षांत कुणीच कसं सांगितलं नाही, हे तिने विचारलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आता तुम्ही शास्त्र समोर घ्या आणि उजव्या हाताकडे नीट पाहा. सोळाव्या वचनात त्या उजव्या हातात सात तारे आहेत. सतराव्यात तोच उजवा हात एका म्हाताऱ्या, हद्दपार, जमिनीवर पडलेल्या माणसाच्या अंगावर आहे. आणि दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात पुन्हा सात तारे त्याच हातात! म्हणजे तारे खाली ठेवावे लागले नाहीत आणि योहानालाही वाट पाहावी लागली नाही. माझ्या मते प्रभूचं गौरव आणि त्याचा स्वभाव या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या की गोंधळ सुरू होतो. हात एकच आहे.

जुन्या करारातलं दानीएलाचं पुस्तक वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. दानीएलाच्या दहाव्या अध्यायातही असाच तेजस्वी पुरुष दिसतो, दानीएल पालथा पडतो आणि एक हात त्याला स्पर्श करून उठवतो. केसांचं वर्णन मात्र सातव्या अध्यायातलं. तिथे लोकरीसारखे केस सिंहासनावर बसलेल्या पुराणपुरुषाचे आहेत, न्यायाची पुस्तकं उघडली जातात तिथले. योहान तेच केस येशूला देतो. ही लहान गोष्ट नाही. तो देवाचं गौरव सरळ येशूच्या अंगावर पाहतोय. तेव्हा भीती वाटणं चूक आहे असं मी म्हणत नाही. शेवटच्या भोजनाला प्रभूच्या उराशी टेकलेला शिष्य, मंडळीच्या परंपरेप्रमाणे हाच योहान, तोही पडला. (तो शिष्य आणि प्रकटीकरण लिहिणारा योहान एकच का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सभेत तो विषय काढू नका, वेळ जाईल.) भीती वाटल्यावर पुढे काय झालं ते मात्र सांगितलंच पाहिजे.

आणखी एक गोष्ट उपदेशात हमखास सुटते. हा तेजस्वी पुरुष उभा कुठे आहे? सोन्याच्या सात समयांच्या मधोमध. विसावं वचन सांगतं की समया म्हणजे मंडळ्या. त्याचा पायघोळ झगा आणि पट्टा पाहिला की निर्गम २८ मधला याजकाचा पोशाख आठवतो, आणि लेवीय २४ मध्ये अहरोनाला रोजचं काम दिलंय, संध्याकाळपासून सकाळपर्यंत दिवे नीट ठेवायचे. समई ज्यांच्या घरात असते त्यांना हे काम माहीत आहे. तेल घालायचं, वात पुढे सारायची, काजळी झाडायची, आणि हे सगळं जवळ बसून, हाताला काळं लागू देऊन करायचं. ज्वालेसारखे डोळे आहेत ते या समयांच्या मधे फिरणाऱ्याचे. कुठली वात विझायला आलीय ते त्याला दिसतं.

आता दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायातली, सात मंडळ्यांना पाठवलेली सात पत्रं. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. सगळी आजच्या तुर्कस्तानात. बहुतेक पत्रांच्या सुरुवातीला पहिल्या अध्यायातल्या दर्शनाचा एखादा तुकडा येतो, आणि तो ज्या मंडळीला हवा तिलाच मिळतो. स्मुर्णा गरीब, छळाखाली, कुणाकुणाला तुरुंगात जावं लागणार. तिला ज्वाला नाही, तरवार नाही. तिला ऐकायला मिळतं, जो मेला होता आणि जिवंत झाला तो बोलतोय, तुझे क्लेश आणि तुझी गरिबी मला ठाऊक आहे. त्या पत्रात दटावणीचा एक शब्द नाही. फिलदेल्फियाच्या पत्रातही नाही. ज्वालेसारखे डोळे थुवतीराला दाखवलेत, कारण तिथे एक जण प्रभूच्या दासांना भुलवत होती आणि मंडळी ते चालू देत होती. मला तरी यातून एवढं कळतं की ते डोळे कुणावर रोखायचे हे त्याला ठाऊक आहे. ते सरसकट सगळ्यांवर, त्यातही खाटेवर पडलेल्या म्हातारीवर रोखायचा अधिकार उपदेशकाला कुणी दिला?

पर्गमचं पत्र तुमच्या सभेत जरूर वाचा. तिथे प्रभू म्हणतो, तू कुठे राहतोस ते मला ठाऊक आहे. पुनरुत्थानदिन (ईस्टर) मार्च-एप्रिलात येतो. नवापूर, तळोदा, अक्कलकुव्याकडची किती घरं तेव्हा ऊसतोडीसाठी गुजरातेत असतात ते तुम्हाला मी सांगायला नको. उसाच्या फडात, पालात राहणाऱ्यांची नावं कुठल्या रजिस्टरात आहेत आणि कुठल्यात नाहीत, देव जाणे. देव जाणतोच, हेच ते वचन सांगतं.

लावदिकीयाबद्दल एक छोटी सूचना. ‘कोमट’ म्हटलं की आपल्याकडे उत्साह कमी पडला एवढाच अर्थ काढतात आणि मग उपास वाढवायला सांगतात. त्या गावाजवळ हिरापलीला गरम झरे होते आणि कलस्सैला थंड पाणी. अडावदजवळच्या उनपदेवाचं कढत पाणी अंग दुखणाऱ्याला हवं असतं आणि सातपुड्यातल्या झऱ्याचं गार पाणी तहानलेल्याला, तसंच ते. कोमट पाणी दोघांच्याही कामाचं नाही. तरी त्याच मंडळीच्या दाराशी प्रभू उभा राहून ठोकतोय आणि आत येऊन जेवायचं म्हणतोय, हेही त्याच पत्रात आहे.

जेवणावरून, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. उठल्यावर प्रभू बदलला का? योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय प्रकटीकरण १ च्या शेजारी ठेवून वाचा. किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी आणि भाकर. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव त्याआधी एकदाच येतो, अठराव्या अध्यायात, प्रमुख याजकाच्या वाड्यात, जिथे शेकत उभं राहून पेत्राने प्रभूला नाकारलं. मरणावर जय मिळवलेला प्रभू तसाच विस्तव पेटवून त्याच पेत्राला न्याहारी वाढतो. आधी खायला घालतो, मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का. तीनदा नाकारलं होतं म्हणून तीनदा. पेत्र दुःखी झाला असं लिहिलंय, म्हणजे वेदना झाली. पण प्रत्येक उत्तरानंतर त्याला मेंढरं सोपवली गेली.

मला याहून जास्त नवल वाटतं ते प्रभू कुठे गेला नाही याचं. उठल्यावर तो त्याला मरणदंड देणाऱ्या पिलाताच्या वाड्यावर गेला नाही, प्रमुख याजक कयफाच्या दारात उभा राहिला नाही. आपलं कोण ऐकणार अशी अवस्था असलेल्या मग्दालीया मरीयेला त्याने नावाने हाक मारली. रात्री पळून गेलेल्यांना ‘माझे भाऊ’ म्हणून निरोप पाठवला. मार्काच्या शुभवर्तमानात तर कबरेतला देवदूत पेत्राचं नाव वेगळं घेतो. थोमाला हातांची आणि कुशीची जखम दाखवली. गौरवी शरीरावरही त्या जखमा राहिल्या, पुसल्या गेल्या नाहीत. आणि दिमिष्काच्या वाटेवर, जिथे सूर्याहून प्रखर प्रकाशाने मंडळीचा छळ करणारा शौल खाली पडला, तिथेही प्रभू विचारतो काय? माझा छळ का करतोस? तुरुंगात घातलेल्या साध्या माणसांना तो ‘मी’ म्हणतोय. तिथेही गौरव आहेच आणि स्वभाव तोच आहे. इब्री लोकांस पत्र १३:८ म्हणतं, काल, आज आणि युगानुयुग तो सारखाच. उपदेश करताना हे वचन भिंतीवर लावलेलं असतं आणि समोर मात्र वेगळाच येशू उभा केला जातो, याचा मला आजही राग येतो. असो.

सभेसाठी काही सूचना, पटल्या तर घ्या. पहिला अध्याय मोठ्याने, सावकाश, पूर्ण वाचा. तिसऱ्या वचनात वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना धन्य म्हटलंय. हे पुस्तक ऐकण्यासाठीच पाठवलं होतं, त्यामुळे ज्यांना वाचता येत नाही त्या मागे पडत नाहीत. मोबाईलवर तोंडातून तरवार निघालेली चित्रं फिरतात, ती दाखवू नका, कारण ती तरवार म्हणजे त्याचं वचन आहे आणि चित्रातलं धातूचं पातं बायकांच्या मनात तेवढं राहतं. श्वापदाचा आकडा (याच पुस्तकातला ६६६) कुणी विचारला तर तो विषय आजचा नाही म्हणून सरळ सांगा. सतरावं वचन वाचताना कुणी आजारी असेल, कुणाचं माणूस नुकतंच गेलं असेल, तर तिथे थांबा आणि प्रार्थना करा. चहा त्यानंतर येऊ दे, आधी नको. कपबशांच्या आवाजात ते वचन वाया जातं.

आणि तुमच्या मंडळात कुणी घरी खिळून असेल तर सभेची वाट न बघता दोघी-तिघींनी तिच्याकडे जाऊन हाच अध्याय वाचा. कमिटीची परवानगी प्रभुभोजनाला लागत असेल, शास्त्र वाचायला लागत नाही.

वेळ उरला तर पाचवा अध्याय घ्या. तिथे सिंहासनाभोवतीच्या वडीलजनांपैकी एक जण योहानाला सांगतो की यहूदा वंशाच्या सिंहाने जय मिळवलाय, आणि योहान पाहतो तर वधलेला दिसणारा कोकरा उभा आहे. त्यावर बोलायला एक सभा पुरणार नाही, तेव्हा तो पुढच्या महिन्यासाठी ठेवलात तरी चालेल. तयारी करताना काही अडलं तर इथेच विचारा, रात्री जिनिंगमधून आलो की बघतो.