कोलेस्टेरॉलची गोळी अर्धी करून घेतली तर तिचा गुण कमी होतो का?

डॉक्टरांनी ॲटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम लिहून दिलीय, घरात २० च्या पट्ट्या शिल्लक आहेत, अर्धी करून दिली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल. बिनधास्त करा. एवढ्या जोरात सांगते, कारण याच अर्ध्या गोळीचं खापर आमच्या घरात माझ्या डोक्यावर फुटलं होतं.

सासूबाईंना २० ची चालू होती. पाय भरून येतात, जिना चढवत नाही म्हणाल्या, म्हणून डॉक्टरांनी १० वर आणली. पट्ट्या पडून होत्या, त्यांनाच विचारलं, ते म्हणाले अर्धी करा. गोळी लांबट, मध्ये रेघ नाही. सुरी लावली की एक तुकडा टुणकन उडून कॉटखाली. सासूबाईंनी सुपारीचा अडकित्ता काढून दिला, त्याने तर भुगाच झाला. मग मेडिकलमधून गोळ्या कापायची प्लॅस्टिकची डबी आणली. आत पातं असतं, गोळी खाचेत नीट बसवायची आणि झाकण एका दमात दाबायचं. तरी तुकडे उन्नीस-बीस व्हायचेच. एक आज, दुसरा उद्या.

पुढच्या रिपोर्टात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ९६ वरून थेट १५८. लगेच पुण्याहून मोठ्या भाऊजींचा फोन, "चार रुपये वाचवायला आईची गोळी तोडता?" मागून जाऊबाई, "वरचं कोटिंग गेलं की औषध उडून जातं म्हणे."

आता हिशेब बघा. ॲटोरव्हास्टॅटिन १० ने एलडीएल साधारण ३५ ते ४० टक्के उतरतं. डोस दुप्पट केला की वर भर पडते ती जेमतेम सहाएक टक्क्यांची. म्हणजे २० ची १० केल्यावर ९६ चे १०५-११० झाले असते तर समजू शकते. १५८ हा जवळजवळ गोळीच न घेतल्याचा आकडा झाला, आणि गोळी तर मी रोज समोर उभी राहून देत होते. तुकडा लहान-मोठा झाल्यानेही बिघडत नाही. या औषधाचं यकृतावरचं काम निम्म्यावर यायलाच २०-३० तास लागतात, आजची कसर उद्या भरून निघते. कोटिंग असतं ते ओल लागू नये आणि गिळायला बरं जावं म्हणून. तेव्हा अख्खी पट्टी एकदम कापून ठेवू नका, एवढंच.

डॉक्टरांनी माझ्यासारखाच हिशेब केला असावा. थायरॉईडची टीएसएच ही रक्तचाचणी करायला सांगितली, ती वाढून १८ आली. थायरॉईड मंदावलं की एलडीएल चढतं आणि पायही दुखतात, त्यात ही गोळी चालू असेल तर जास्तच. थायरॉईडचं औषध सुरू झालं आणि काही महिन्यांनी, तीच अर्धी गोळी चालू असताना, एलडीएल १०४. भाऊजींना रिपोर्टाचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "लॅब बदलली का?"

माझं स्पष्ट मत आहे, रोज ज्याच्या हातून औषध दिलं जातं त्याला आधी विचारावं, मग फोनवरून डॉक्टरकी करावी. गणपतीला दोन दिवस यायचं आणि गोळ्यांचा डबा उघडून "हे काय, ते काय" करायचं, याला काळजी म्हणत नाहीत.

हां, थोडं राहिलं. कॅप्सूल अर्धी करायची नाही. रोझुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्याच दुसऱ्या औषधाबरोबर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी औषधं असलेली कॅप्सूल बऱ्याच जणांना असते, ती तर नाहीच. नावापुढे एक्सएल, ईआर, एसआर असं काही असेल तर ती गोळीही तोडायची नाही, ती हळूहळू विरघळावी म्हणून तशी बनवलेली असते. ॲटॅक येऊन गेलेल्यांना, स्टेंट बसवलेल्यांना ४० किंवा ८० मुद्दाम दिलेली असते. ती आपल्या मनाने निम्मी करणं हा वेगळाच उद्योग झाला. तुमचा डोस डॉक्टरांनीच ठरवलाय, म्हणून मी हो म्हणतेय. थायरॉईडची गोळीही न विचारता अर्धी नको, तिथे थोड्याशा मायक्रोग्रॅमनेही फरक पडतो.

आणि अर्धी केली म्हणजे पैसे वाचतातच असंही नाही. दोन्ही पट्ट्यांवरची किंमत बघा, २० ची कधी कधी १० च्या दुपटीपेक्षा महाग निघते. आमच्याकडे त्या पट्ट्या संपल्यावर मी सरळ १० चीच आणली. चार रुपये कुठे वाचणार होते, ते भाऊजींनाच ठाऊक.