अपडेटनंतर उडालेली झोप

‘ब्राउझर अपडेट झाला, आता माझे सगळे कोणीतरी पाहत असेल का?’ असे विचारणारी माणसे अलीकडे माझ्याकडे समुपदेशनासाठी वरचेवर येतात. त्यांपैकी अमळनेर तालुक्यातील एका शिक्षिकेची हकीकत, ओळखीच्या खुणा बदलून आणि तिच्या संमतीने, येथे सांगते.

घरच्या लॅपटॉपवर अपडेटनंतर एक सूचना आली की, जाहिरातींसाठी आपल्या आवडीचे विषय ठरवले जातील. गेले काही महिने ती निद्रानाश आणि मानसोपचाराच्या गोळ्या यांविषयी शोध घेत होती. त्या रात्रीपासून ती तीन-तीन वेळा उठून हिस्टरी पुसू लागली आणि गोळ्यांविषयीच्या शंका डॉक्टरांना विचारणेही तिने सोडले. “घरमा समजी गये ते काय करू, ताई?” हेच ती पहिल्या भेटीत पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

तिची शंका खुळी नव्हती. जुलै २०२४ मध्ये फायरफॉक्स या ब्राउझरच्या १२८व्या आवृत्तीत जाहिरातींचा परिणाम मोजणारी एक सोय, वापरणाऱ्याला न विचारता, आधीच चालू ठेवलेली होती आणि त्यावरून बरीच टीका झाली. म्हणून ‘यात घाबरण्यासारखे काही नाही’ असे सांगून तिची समजूत घालणे मला प्रामाणिक वाटले नाही.

कोणाकोणाला कळू नये, ते मी तिला कागदावर लिहायला सांगितले. तिने सासूबाई, दीर आणि मुख्याध्यापक लिहिले. ब्राउझर बनवणारी कंपनी त्या कागदावर नव्हतीच. बोलता बोलता उलगडले की, लॅपटॉपवर तिचेच खाते कायम उघडे असते, बारावीतला पुतण्या त्यावरच अभ्यास करतो, आणि तिने मोबाइलवर शोधलेले सिंकमुळे, म्हणजे एकाच खात्याची उपकरणे जोडणाऱ्या सोयीमुळे, तेथेही उमटते. हे तर अपडेटच्या कितीतरी आधीपासून चालू होते.

त्याच दिवशी तिने लॅपटॉपवरील खाते बंद करून पुतण्यासाठी वेगळे प्रोफाइल केले, मोबाइलला नवा पिन घातला आणि जाहिरातींच्या विषयांची सोय बंद केली. इन्कॉग्निटोमुळे, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीमुळे, त्या उपकरणावर हिस्टरी राहत नाही, पण भेट दिलेल्या संकेतस्थळापासून किंवा इंटरनेट पुरवणाऱ्यापासून काही लपत नाही, हेही मी तिला स्पष्ट सांगितले. तुम्ही माझ्याविषयी ठेवता त्या नोंदी कोण वाचते, असे तिने मला विचारले तेव्हा मला बरे वाटले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मधील गोपनीयतेचा हक्क मी तिला समजावून सांगितला. आपले दुखणे घरात केव्हा सांगायचे, हे ठरवण्याचा अधिकार सुनेलाही असतो, असे मी मनापासून मानते.

चौथ्या भेटीपर्यंत रात्री उठून हिस्टरी पुसणे थांबले होते आणि डॉक्टरांशी तिचे बोलणेही झाले होते. तिने पतीला सांगितले होते, सासूबाईंना नाही. गोळ्यांचे पाकीट अजून शाळेच्या पिशवीतच होते, आणि तूर्त ते तेथेच राहील, असे तिने ठामपणे सांगितले.