बीटा उबंटू, नवा कर्नल आणि काळी स्क्रीन

प्रश्न : उबंटू या लिनक्स सिस्टमच्या बीटा (चाचणी) आवृत्तीत नवा कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, आला आणि लॉगिनऐवजी नुसती काळी स्क्रीन दिसते. ग्राफिक्स कार्ड एनव्हीडियाचं आहे. सगळं पुन्हा इन्स्टॉल करावं का?

उत्तर : मुळीच नको. सुरू होताना एस्केप दाबून ग्रबचा (सिस्टम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणा, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा. बहुतेक वेळा डेस्कटॉप लगेच दिसतो.

एनव्हीडियाचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हरचा भाग, प्रत्येक कर्नलसाठी वेगळं लागतं. डीकेएमएस नावाचं साधन ते तुमच्याच मशीनवर कंपाइल करतं, म्हणजे मूळ कोडपासून तयार करतं. बीटाचा कर्नल ड्रायव्हरच्या पुढे गेला, त्यातली आतली फंक्शन्स बदलली, की कंपाइल अडतं. टर्मिनलमध्ये ‘डीकेएमएस स्टेटस’ चालवा. नव्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ नसेल तर आधी त्याच कर्नलचे हेडर्स (कंपाइल करायला लागणाऱ्या फाइल्स) आहेत का ते बघा. ते राहून जाणं फार सर्रास घडतं. हेडर्स असूनही अडलं तर ड्रायव्हरच्या बिल्ड फोल्डरमधली ‘मेक डॉट लॉग’ फाइल वाचा, पहिली ‘एरर’ महत्त्वाची. तिथे कर्नलच्या फंक्शनचं नाव दिसलं, तर नवा ड्रायव्हर येईपर्यंत जुन्याच कर्नलवर राहा.

मॉड्यूल तयार आहे पण लोड होत नाही? मग सिक्युअर बूट (फक्त सही असलेलाच कोड चालू देणारी सुरक्षा) तपासा. सही नसलेलं मॉड्यूल कर्नल नाकारतो. मोक की (मॉड्यूलवरची सही ओळखणारी तुमची स्वतःची किल्ली) नोंदवा आणि रीबूटनंतरच्या निळ्या स्क्रीनवर ‘एनरोल मोक’ निवडायला चुकू नका.

कर्नलला सुरू होताना ‘नोमोडसेट’ हा पर्याय देण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो तात्पुरत्या दुरुस्तीपुरताच वापरा, कारण त्याने ग्राफिक्सचा वेग जातो.