प्रश्न तुमचे: गिटारवर विचारलेली क्विझ

प्रश्न: भाचीने अमेरिकेतून 'आस्क मी अनदर' नावाच्या रेडिओ शोचे जुने भाग पाठवलेत. क्विझ चालू असते, मध्येच एक जण गिटार घेऊन गायला लागतो, लोक खदाखदा हसतात आणि मग कोणीतरी बेल वाजवून उत्तर देतं. क्विझमध्ये गाणं कशाला?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: अहो, ते गाणं हाच प्रश्न असतो! एनपीआर म्हणजे अमेरिकेतला पब्लिक रेडिओ, त्यांनी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनवायसी स्टेशनबरोबर 2012 मध्ये हा शो चालू केला. ब्रुकलिनमध्ये बेल हाऊस म्हणून हॉल आहे, मूळचं जुनं गोदाम, तिथे समोर पब्लिक बसवून रेकॉर्डिंग व्हायचं. होस्ट ओफिरा आयझेनबर्ग, कॅनडातल्या कॅल्गरीची, स्टँडअप करणारी. आणि गिटारवाला जोनाथन कोल्टन. हा आधी सॉफ्टवेअरमध्ये होता, 2005 मध्ये नोकरी सोडली आणि वर्षभर दर आठवड्याला एक गाणं करून नेटवर टाकायचं ठरवलं, आणि खरंच टाकलं. 'पोर्टल' हा व्हिडिओ गेम तुमच्या घरातल्या पोरांनी खेळला असेल तर त्याच्या शेवटचं गाणं यानेच लिहिलंय.

तर तो करायचा काय, की चाल सगळ्यांच्या ओळखीची घ्यायची आणि शब्द पूर्ण नवे. म्हणजे समजा चाल एखाद्या जुन्या हिट हिंदी गाण्याची आणि शब्दांत चाललंय प्रेशर कुकरचं वर्णन, शिट्टी, वाफ, डाळ सगळं येतंय पण कुकर हा शब्द कुठेच नाही, ते तुम्ही ओळखायचं, आणि मूळ गाणं सांगितलंत तर वर बोनस. मला हा शो इतका आवडायचं कारण हेच आहे. आपल्याकडच्या बऱ्याच क्विझमध्ये येतंय तर सांग नाहीतर बस गप्प असं असतं. इथे पहिल्या ओळीला काही कळलं नाही तरी दुसऱ्या ओळीला काहीतरी हलतं डोक्यात, तिसऱ्या ओळीला उत्तर जिभेवर येतं, आणि हे स्पर्धकाचं होत असतं तेव्हाच हॉलमधल्या प्रत्येकाचं आणि घरी कानात इअरफोन घालून भांडी घासणाऱ्याचंही होत असतं. पाठांतर लागत नाही, जुळवाजुळव लागते. शब्दांचं वेड तर इतकं की शेवटी ओफिरा स्वतःचं नावसुद्धा अक्षरं उलटीपालटी करून सांगायची.

प्रश्न: अशा शोमध्ये मोठमोठे पाहुणे येतात त्यांना सोपे प्रश्न देत असतील ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर: उलट! एनपीआरचाच दुसरा शो आहे, शिकागोचा 'वेट वेट डोन्ट टेल मी', 1998 पासून चालू आहे, होस्ट पीटर सेगल. त्यात पाहुण्याला मुद्दाम त्याच्या कामाशी अजिबात संबंध नसलेल्या विषयावर तीन प्रश्न विचारतात. 2011 मध्ये बिल क्लिंटन आले होते, आठ वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिलेला माणूस, आणि त्यांना विषय दिला 'माय लिटल पोनी' या लहान मुलांच्या कार्टूनचा, आणि त्यांनी तिन्ही बरोबर दिले! ऑप्शन असतात, अंदाज मारता येतो, पण माणूस विचार करताना ऐकू येतो ना, ते मुलाखतीत कधीच ऐकू येत नाही. पाहुण्याला नुसतं खुर्चीत बसवून कौतुक करण्यापेक्षा त्याला खेळायला लावणं हा त्याचाही मान आहे असं मला मनापासून वाटतं.

बक्षीस तर पैशाचं नव्हतंच. कार्ल कॅसल हे एनपीआरचे गंभीर आवाजात बातम्या देणारे निवेदक, ते या शोचे स्कोअरकीपर, आणि जिंकणाऱ्याच्या घरच्या आन्सरिंग मशीनवर, म्हणजे फोन कोणी उचलला नाही की आपोआप बोलणाऱ्या यंत्रावर, त्यांच्या आवाजात मेसेज रेकॉर्ड करून मिळायचा. 2014 मध्ये ते रिटायर झाले तोवर असे 2000 हून जास्त मेसेज झाले होते.

प्रश्न: पण लाइव्हच कशाला? हसण्याचा आवाज नंतर टाकता येतो की.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: टाकता येतो, पण कॉमेडियन समोरच्याच्या हसण्यावर पुढचं वाक्य ठरवतो, ते कुठून आणणार? 'वेट वेट' सुरुवातीला प्रेक्षकांशिवायच व्हायचा, नंतर तो प्रेक्षकांसमोर आला आणि मग शो खरा रंगला. 'आस्क मी अनदर' कोविडमध्ये सगळे आपापल्या घरून करत होते, 2021 मध्ये तो बंद झाला. त्या घरून केलेल्या भागांत प्रश्न तेवढेच चांगले आहेत, पण स्पर्धक अडखळला की हॉल जो श्वास धरून थांबायचा ते नाही, आणि मला ते फार जाणवतं.

प्रश्न: सोसायटीच्या गणपतीत असं काही करता येईल का? बजेट फारसं नाही.
– एक वाचक, पुणे

उत्तर: नक्की करा, पेटी किंवा गिटार वाजवणारं एक माणूस आणि दोन बेल एवढंच लागतं. गाण्याच्या राउंडला शब्द आधी लिहून चार जणांवर तपासा, चौथ्या ओळीपर्यंत कोणालाच येत नसेल तर ते गाणं काढून टाका, कितीही छान जमलं असलं तरी. 'आस्क मी अनदर'मध्ये अजून एक खेळ होता, एक नाव सांगायचं आणि तीनपैकी ते काय हे ओळखायचं. तुम्ही घ्या: तांदूळ, किल्ला की रेल्वे? आंबेमोहर, डेक्कन क्वीन, तोरणा, असं भराभर. फक्त इंद्रायणी आणि सिंहगड टाळा, इंद्रायणी तांदूळही आहे आणि एक्सप्रेसही, सिंहगडचंही तेच, किल्ला पण आणि गाडी पण, त्यावरून मांडवात वाद होतील. आणि पाहुणा म्हणून कोणा नटाला बोलवायलाच हवं असं नाही, शाळेच्या मुख्याध्यापिका किंवा कोपऱ्यावरचे डॉक्टर यांना सगळे ओळखतात, त्यांना क्रिकेट नाहीतर मेकअपवरचे तीन प्रश्न विचारा, आधी अजिबात सांगू नका.