‘अस्सल’ इंजिन की ‘मूळचे’ इंजिन?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतील जुन्या शेवरोले कॉर्व्हेट या स्पोर्ट्स गाड्या मूळ रूपाशी किती जुळतात, याच्या परीक्षणावर मराठीत लिहिताना ‘ओरिजिनल इंजिन’ला मूळ म्हणावे, अस्सल म्हणावे की असली?

‘असली’ प्रथम बाजूला ठेवावा. मराठीत ‘असली गाडी’ म्हणजे ‘अशा प्रकारची गाडी’, आणि बहुधा नापसंतीच्या सुरात. उरलेल्या दोन शब्दांपैकी मात्र एकच निवडून तो सर्वत्र वापरणे मला चुकीचे वाटते, कारण परीक्षकांच्या कामात ‘ओरिजिनल’चे अर्थ खरोखरच वेगवेगळे आहेत.

कारखान्यातून गाडी बाहेर पडली तेव्हा तिच्यात जे इंजिन होते ते ‘मूळचे’. ‘मूळचा साताऱ्याचा’ म्हणताना आपण जो ‘चा’ लावतो, तोच येथे महत्त्वाचा आहे. त्याचा पुरावा ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या ओतीव मुख्य सांगाड्यावर असतो. इंजिनाच्या उजव्या बाजूला, पुढच्या टोकाशी, एका सपाट पट्टीवर इंजिन जुळवणाऱ्या कारखान्याचे अक्षर (फ्लिंटसाठी व्ही, टोनावांडासाठी टी), जुळणीचा महिना व दिवस आणि इंजिनाचा प्रकार सांगणारी अक्षरे पंच केलेली असतात. शिवाय गाडीच्या चासी नंबरातला काही भाग असतो. 1968 च्या गाडीत तो 1, 8 आणि गाडी जेथे बांधली त्या सेंट लुईसचा एस अशा क्रमाने सुरू होऊन पुढे सहा अंकी अनुक्रमांक येतो. ब्लॉक ओतल्याची तारीख धातूतच उठावात असते, आणि ओतकाम, इंजिनाची जुळणी, गाडीची बांधणी हा क्रम कोठेही उलटा होऊन चालत नाही. हे सारे जुळले की ‘नंबर्स मॅचिंग’ म्हणतात; त्याला मी ‘क्रमांक जुळणारी गाडी’ म्हणेन.

‘अस्सल’ हा अरबी ‘अस्ल’वरून आलेला शब्द. त्याचाही अर्थ मूळ असाच आहे, पण मराठीत तो बनावटीच्या विरुद्ध उभा राहतो. वॉरंटीत बदलून दिलेल्या काही ब्लॉकवर शेवरोलेने ‘सीई’ अशी अक्षरे उमटवली होती. तसे इंजिन अस्सल शेवरोलेचे आहे, यात शंका नाही. परंतु ते त्या गाडीचे मूळचे नव्हे. एवढे एक उदाहरण दोन्ही शब्द वेगळे ठेवण्यास पुरेसे आहे.

खरी अडचण पुढे येते. 1974 साली स्थापन झालेली नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी गाडी कारखान्यातून निघताना जशी दिसत असे, तशी ती दिसते का, हे पाहून गुण देते. 94 टक्के किंवा अधिक गुण मिळाले तर ‘टॉप फ्लाइट’ हा त्या गुणांकनातला सर्वोच्च दर्जा मिळतो. इंजिनाच्या वंशाची हमी मात्र ती देत नाही. दुरुस्तीत ब्लॉकचे फेसिंग केले, म्हणजे त्याचा वरचा पृष्ठभाग यंत्रावर तासून सपाट केला, की त्या पट्टीवरचे आकडे जातात, त्यांच्यासोबत कारखान्यातील यंत्राने सोडलेल्या बारीक समांतर रेषाही जातात, आणि मग कोणी नव्याने आकडे पंच करतो. परीक्षक अक्षरांचे वळण, खोली आणि त्या रेषा बारकाईने पाहतात. तरीही त्यांचा निर्णय दिसण्यापुरताच असतो. या अर्थासाठी आपल्याकडे एक नेमका शब्द तयार आहे: ‘मूळबरहुकूम’. जुन्या दफ्तरांत ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असे लिहीत, म्हणजे अस्सलाशी तंतोतंत जुळणारी, तरीही नक्कलच. हा शब्द विस्मरणात जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे ‘नंबर जुळतात’ म्हणताना बहुधा आरसी बुकातील इंजिन नंबर व चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतात, एवढेच अभिप्रेत असते. इंजिन बदलले तर त्याची नोंद आरटीओकडे करून घ्यायची असते, त्यामुळे बदललेल्या इंजिनाचा नंबरही आरसी बुकाशी बिनचूक जुळू शकतो. म्हणून कॉर्व्हेटविषयी लिहिताना नुसते ‘नंबर जुळतात’ न म्हणता ‘ब्लॉकवरील क्रमांक गाडीच्या चासी नंबराशी जुळतो’ असे लिहावे, आणि परीक्षकांचा निकाल सांगताना ‘इंजिन मूळबरहुकूम ठरले’ असे म्हणावे. ‘मूळचे ठरले’ असे म्हणू नये.